लिओ वराडकर: मराठी वाचक नेहमी विचारतात ते प्रश्न

जून २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा सिंधुदुर्गातल्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच वाक्य फिरत होतं: 'आपलो झील थंय पंतप्रधान झालो!' तो आनंद खरा होता आणि मलाही झाला. पुढची सात वर्षं मी त्यांची कारकीर्द जमेल तितकी वाचत राहिले, आणि जाणवत गेलं की आपल्याकडे आडनावापलीकडे फारसं काही पोचलेलंच नाही. ते निवडून कसे आले, लोकांना का आवडले, का नकोसे झाले, हे सगळं आयर्लंडच्या मातीत घडलेलं आहे. ते समजून घेतलं नाही तर आपला अभिमान नावापुरताच राहतो. गावी गेले की लोक जे विचारतात, त्यातले प्रश्न इथे घेतले आहेत.

आडनाव वराडकर, वरदकर की वऱ्हाडकर?

वराडकर. मालवण तालुक्यातल्या वराड गावावरून हे आडनाव पडलं. विदर्भातल्या वऱ्हाडाशी त्याचा काही संबंध नाही. बातम्या इंग्रजीतून आल्या आणि रोमन अक्षरांवरून ज्याला जसं वाचता आलं तसं त्याने लिहिलं, म्हणून 'वरदकर'ही छापून आलं. आयरिश लोक मधल्या 'रा'वर जोर देऊन त्याचा 'रॅ' करतात. पूर्ण नाव लिओ एरिक वराडकर.

महाराष्ट्राशी नातं नेमकं कुठून?

वडिलांकडून. डॉ. अशोक वराडकर मुंबईचे, घराणं वराडचं. गाव कोकणात, पोटापाण्याला मुंबई आणि मुंबईहून पुढे परदेश, हा रस्ता कोकणातल्या कितीतरी घरांनी चाललेला आहे. अशोक वराडकर १९६० च्या दशकात डॉक्टर म्हणून इंग्लंडला गेले. स्लाउ इथे त्यांची मिरियम हॉवेल या आयरिश परिचारिकेशी ओळख झाली. मिरियम आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगार्व्हनच्या. लग्नानंतर दोघं काही काळ इंग्लंडात लेस्टरला आणि काही काळ भारतात राहिली, आणि १९७३ मध्ये डब्लिनला स्थायिक झाली. दोन मुलींच्या पाठीवर १८ जानेवारी १९७९ रोजी डब्लिनच्या रोटंडा रुग्णालयात लिओचा जन्म झाला. डब्लिनच्या पश्चिमेकडच्या ब्लँचर्ड्सटाउन भागात वडिलांचा दवाखाना होता आणि तिथेच मुलगा वाढला. वडील हिंदू, आई कॅथलिक. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवलं, पण लिओचं माध्यमिक शिक्षण प्रॉटेस्टंट चर्चच्या शाळेत झालं.

वराडकर घराण्यातले वडिलांचे दोन भाऊ भारताच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरले होते. वैद्यकीय प्रशिक्षणाचा काही काळ लिओंनी परळच्या केईएम रुग्णालयात काढला, हेही आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. केईएमच्या ओपीडीची रांग ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला सरकारी आरोग्यसेवा म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

ते वराडला कधी आले होते?

२९ डिसेंबर २०१९ रोजी, पंतप्रधान असताना, पण खासगी भेटीवर. बरोबर आईवडील, बहिणी, त्यांचं कुटुंब आणि जोडीदार होते. आजोबांच्या घरात आपल्या कुटुंबाच्या तीन पिढ्या एकत्र जमल्या आहेत, असं त्यांनी तिथे बातमीदारांना सांगितलं. गावकऱ्यांनी ओवाळून स्वागत केलं, ते ग्रामदेवतेच्या दर्शनालाही गेले. त्या दिवसाचे फोटो मी आजही बघते.

ती तारीख लक्षात ठेवा. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आतच आयर्लंडमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली आणि त्यांच्या पक्षाची मोठी पिछेहाट झाली. त्याबद्दल पुढे येईलच.

पंतप्रधान की 'टीशख'?

आयर्लंडच्या सरकारप्रमुखाला आयरिश भाषेत 'टीशख' म्हणतात. मूळ अर्थ म्होरक्या, प्रमुख. इंग्रजीत बोलतानाही तिथे हाच शब्द वापरतात. उपपंतप्रधान म्हणजे 'टॉनिश्टे', संसदेचं कनिष्ठ सभागृह म्हणजे 'डॉल'. राष्ट्राध्यक्ष वेगळे असतात आणि त्यांचं पद बरंचसं आपल्या राष्ट्रपतींसारखं आहे.

वराडकरांचा पक्ष फिना गेल. त्याचा जुना प्रतिस्पर्धी फिअना फॉल. या दोन पक्षांतलं भांडण डाव्या-उजव्या विचारांचं नाही. १९२१ मध्ये ब्रिटनशी झालेला करार मान्य करायचा की नाही, यावरून १९२२-२३ मध्ये यादवी युद्ध पेटलं. त्यातल्या दोन बाजूंचे हे दोन वारस. आजोबा कोणत्या बाजूने लढले त्यावरून नातवाचं मत ठरतं, असं तिथे पिढ्यान्पिढ्या चालत आलं. वराडकरांच्या घरात असा वारसाच नव्हता. वडील मुंबईहून आलेले. पोराने शाळेत असतानाच पक्ष निवडला तो स्वतःच्या मताने, आणि मला ही गोष्ट त्यांच्या राजकारणाच्या मुळाशी वाटते.

राजकारणात कसे आले?

धडपडत. १९९९ मध्ये, विसाव्या वर्षी, स्थानिक निवडणुकीला उभे राहिले आणि दणकून आपटले. ट्रिनिटी कॉलेजात आधी थोडे दिवस कायदा, मग वैद्यक. २००३ मध्ये डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी फिंगल परगण्याच्या कौन्सिलवर रिकाम्या झालेल्या जागेवर पक्षाने त्यांची नेमणूक केली. २००४ च्या स्थानिक निवडणुकीत त्यांना पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं मिळाली. त्या वर्षी स्थानिक निवडणुकीत देशभरात कुठल्याही उमेदवाराला मिळालेली ती सर्वाधिक मतं होती. २००७ मध्ये डब्लिन वेस्टमधून ते डॉलवर निवडून आले, वय २८.

'पहिल्या पसंतीची मतं' म्हणजे? तिथे मतदान कसं होतं?

आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात मत दिलं असेल तर तुम्हाला हे लगेच कळेल. शिक्का मारायचा नाही. नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. फरक एवढाच, की आयर्लंडमध्ये सगळ्या निवडणुका अशाच होतात आणि डॉलच्या एका मतदारसंघातून ३ ते ५ जण निवडून येतात. चार जागा असतील तर एकूण वैध मतांचा पाचवा हिस्सा आणि वर एक मत, एवढा कोटा. कोटा ओलांडला की जास्तीची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. कोणीच ओलांडला नाही तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. अशा फेऱ्यांवर फेऱ्या.

मतमोजणीचा दिवस तर डोळ्यांसमोर आणण्यासारखा आहे. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या सभागृहात पेट्या उघडतात. टेबलांमागे कर्मचारी मतपत्रिका एकेक करून उलगडतात, आणि कठड्याबाहेर सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते हातात पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन वाकून उभे असतात. प्रत्येक कागदावर '१' कुणापुढे आहे ते बघायचं आणि रेघ मारायची. अधिकृत आकडा यायच्या कितीतरी आधी, दुपारपर्यंत, हे लोक निकालाचा अंदाज सांगून मोकळे होतात. एकमेकांचे विरोधक असूनही आकडे आपसांत वाटून घेतात. हे शंभर वर्षांपासून चालत आलेलं कसब आहे.

या पद्धतीचे दोन परिणाम वराडकरांना जन्मभर पुरले. एक म्हणजे स्वतःचे मतदार पुरत नाहीत, दुसऱ्याच्या मतदारालाही तुम्ही निदान तिसऱ्या पसंतीला चालावे लागता. दुसरं म्हणजे एकाच पक्षाला बहुमत सहसा मिळत नाही. वराडकरांचं एकही सरकार फक्त त्यांच्या पक्षाच्या बळावर उभं नव्हतं. २०१७ मध्ये डॉलने त्यांची निवड केली ती ५७ विरुद्ध ५० मतांनी, आणि ४७ सदस्य तटस्थ राहिले. त्यात प्रतिस्पर्धी फिअना फॉल होता. त्यांनी बाहेर बसून सरकार चालू दिलं.

मंत्री म्हणून त्यांनी काय केलं?

२०११ मध्ये फिना गेल आणि लेबर पक्षाचं सरकार आलं तेव्हा देश दिवाळखोरीच्या काठावर होता आणि युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जावर चालला होता. वराडकर वाहतूक, पर्यटन आणि क्रीडामंत्री झाले. जुलै २०१४ पासून आरोग्य, २०१६ पासून समाजकल्याण. आरोग्यमंत्री असताना सहा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना फॅमिली डॉक्टरकडची तपासणी मोफत झाली, हे काम टिकलं. बाकी आरोग्य खातं भल्याभल्यांना पुरून उरलं आहे, त्यांनाही उरलं.

लोकांच्या मनात ते ठसले ते बोलण्यामुळे. पोलीस दलातला गैरव्यवहार उघड करणाऱ्या दोन जणांची पोलीसप्रमुखांनी जाहीरपणे निर्भर्त्सना केली. तेव्हा मार्च २०१४ मध्ये मंत्रिमंडळातल्या वराडकरांनी उघडपणे त्या दोघांची बाजू घेतली आणि त्यांना सन्माननीय म्हटलं. त्याच महिन्यात पोलीसप्रमुखांनी पद सोडलं. सत्तेत बसून स्वतःच्याच यंत्रणेविरुद्ध बोलायला हिंमत लागते.

समलिंगी असल्याचं त्यांनी कधी आणि का सांगितलं?

१८ जानेवारी २०१५, रविवार, त्यांचा ३६वा वाढदिवस. आयर्लंडच्या सरकारी रेडिओवर मिरियम ओकॅलहन यांच्या कार्यक्रमात गप्पा चालल्या होत्या, त्या ओघात त्यांनी ते सांगितलं. पदावर असताना असं जाहीर करणारे ते आयर्लंडचे पहिले मंत्री. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता: मी अर्धा भारतीय राजकारणी नाही, डॉक्टर राजकारणी नाही आणि समलिंगी राजकारणीही नाही, हा माझ्या असण्याचा एक भाग आहे, एवढंच. आरोग्यमंत्री म्हणून त्या विषयाशी संबंधित काही निर्णय आपल्यापुढे येणार आहेत, तेव्हा लोकांपासून काही लपलेलं नसावं, हेही एक कारण होतं.

'मी अर्धा भारतीय राजकारणी नाही' हे आपल्याला थोडं लागतं. मला आता ते पटतं. आपण त्यांना ज्या एका चौकटीत बसवतो, तीच त्यांनी नम्रपणे बाजूला ठेवली होती.

त्या दिवसाचं वजन कळायला आधीचा काळ माहीत हवा. आयर्लंडमध्ये १९९३ पर्यंत समलैंगिक संबंध हा गुन्हा होता. घटस्फोटावरची घटनेतली बंदी उठली ती १९९५ च्या सार्वमताने, तीही अगदी काठावरच्या बहुमताने. आणि त्या मुलाखतीनंतर चार महिन्यांनी, २२ मे २०१५ रोजी, त्याच देशाने सार्वमतात ६२ टक्क्यांनी समलिंगी विवाहाला होकार दिला. वराडकरांच्या आधी आणि त्यांच्याबरोबर शेकडो माणसं वर्षानुवर्षं त्यासाठी घरोघरी फिरली होती. श्रेय त्या सगळ्यांचं आहे, पण एका मंत्र्याने रविवारी सकाळी शांतपणे स्वतःबद्दल बोलणं, याने कितीतरी घरांत बोलणं सुरू झालं असेल.

पक्षाचे नेते कसे झाले?

२०१७ मध्ये पंतप्रधान आणि पक्षनेते एंडा केनी पायउतार झाले आणि वराडकरांची सहकारी मंत्री सायमन कव्हनी यांच्याशी लढत झाली. फिना गेलच्या नियमानुसार खासदारांच्या मताला ६५ टक्के वजन, साध्या सदस्यांना २५ टक्के आणि नगरसेवकांना १० टक्के. खासदारांनी मोठ्या संख्येने वराडकरांना कौल दिला. सदस्यांमध्ये मात्र कव्हनी यांना जवळपास दुप्पट मतं होती. २ जूनला निकाल लागला, एकूण गणितात वराडकर ६० टक्क्यांनी जिंकले. १४ जूनला पंतप्रधान झाले, वय ३८, तोपर्यंतचे सर्वांत तरुण. (तो विक्रम पुढे मोडला. २०२४ मध्ये सायमन हॅरिस ३७व्या वर्षी पंतप्रधान झाले. जुन्या लेखांत वराडकरांना अजून 'सर्वांत तरुण' म्हटलेलं दिसतं.)

गर्भपाताच्या सार्वमताशी बेळगावच्या सविताचा काय संबंध?

या प्रश्नाचं उत्तर लिहिताना आजही हात जड होतो.

सविता हलप्पनवार मूळची बेळगावची, व्यवसायाने दंतवैद्य, नवऱ्याबरोबर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे शहरात राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं. तिने गर्भपाताची मागणी केली. गर्भाचे ठोके चालू होते म्हणून ती नाकारली गेली. रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. वय ३१.

कारण घटनेत होतं. १९८३ च्या आठव्या दुरुस्तीने गर्भाच्या आणि आईच्या जगण्याच्या हक्काला समान मानलं होतं. आईचा जीव नेमका कधी 'पुरेसा' धोक्यात आला, हे डॉक्टरने तुरुंगाची टांगती तलवार डोक्यावर घेऊन ठरवायचं. सविताचा हसरा फोटो हातात घेऊन डब्लिनमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. २०१३ मध्ये एक मर्यादित कायदा झाला, पण दुरुस्ती तशीच राहिली.

वराडकर आधी या बाबतीत चांगलेच सनातनी होते, २०१० च्या सुमारास ते स्वतःला गर्भपातविरोधी म्हणवत. बदल दिसला तो आरोग्यमंत्री झाल्यावर. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी डॉलमध्ये सांगितलं की ही दुरुस्ती फार जाचक आहे आणि तिच्या धाकाने डॉक्टरांचे हात बांधले जातात. पंतप्रधान झाल्यावर त्यांनी सार्वमत लावलं आणि दुरुस्ती काढण्याच्या बाजूने प्रचार केला. त्याआधी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या ९९ सामान्य नागरिकांच्या सभेने महिनोन्महिने तज्ज्ञांना ऐकून शिफारस केली होती. २५ मे २०१८ रोजी ६६.४ टक्के लोकांनी दुरुस्ती रद्द करायच्या बाजूने मत दिलं. निकालाच्या दिवशी डब्लिनमध्ये सविताच्या भित्तिचित्रापाशी लोक चिठ्ठ्या चिकटवत होते, कितीतरी चिठ्ठ्यांवर 'सॉरी' लिहिलेलं होतं.

मत बदललं म्हणून काही लोक वराडकरांना वाऱ्याची दिशा बघणारा म्हणतात. मला तसं वाटत नाही. डॉक्टर असलेल्या माणसाने खात्याच्या फायली वाचून मत बदलणं यात कमीपणा नाही. पण पुढाकार बायकांच्या चळवळीचा होता, हे मात्र त्यांच्या चाहत्यांनी विसरू नये.

ब्रेक्झिटमध्ये आयर्लंडचा एवढा प्रश्न काय होता?

आयर्लंड बेटावर दोन देश आहेत. दक्षिणेला स्वतंत्र आयर्लंड आणि ईशान्येला ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड. मधली सीमा सुमारे ५०० किलोमीटर, शेतांतून, अंगणांतून जाणारी. उत्तरेत ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं यावरून तीस वर्षं रक्तपात झाला, सुमारे साडेतीन हजार माणसं मेली. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने तो थांबला आणि सीमेवरच्या लष्करी चौक्या हळूहळू गेल्या. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडला की त्याच सीमेवर जकात नाकी उभी राहणार, आणि नाकी आली की बॉम्ब येतील, ही खरी भीती होती.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रुसेल्सला युरोपच्या नेत्यांच्या जेवणाच्या वेळी वराडकरांनी एक वर्तमानपत्र पुढे केलं. त्यात १९७२ मध्ये सीमेजवळच्या न्यूरीच्या जकात नाक्यावर झालेल्या बॉम्बस्फोटात नऊ माणसं कशी मेली, याची कहाणी होती. आयर्लंडसारख्या पन्नास लाखांच्या देशाकडे दुसरं काय होतं? मोठी फौज नाही, व्यापाराची धमकी देण्याचं बळ नाही. आठवण होती, आणि पाठीशी उभा राहिलेला युरोपीय संघ होता.

वर्षभराने, १० ऑक्टोबर २०१९ रोजी, लिव्हरपूलजवळच्या थॉर्नटन मॅनरमध्ये ते बोरिस जॉन्सन यांना भेटले. बागेतून दोघं चालत बोलतानाचा फोटो तुम्ही पाहिला असेल. वाटाघाटी मोडल्यात जमा होत्या. त्या भेटीनंतर वाट दिसल्याचं दोघांनी एकत्र जाहीर केलं आणि आठवड्यात करार झाला. बेटावर जकात नाकी नाहीत, मालाची तपासणी समुद्र ओलांडून उत्तर आयर्लंडला येताना, बंदरांवर. उत्तरेतल्या ब्रिटनवादी लोकांना ते अजून सलतं, आणि त्यांचं म्हणणंही समजण्यासारखं आहे. पण रस्त्यावर नाकं आलं नाही. माझ्या मते वराडकरांचं हे सर्वांत मोठं काम.

मग २०२० मध्ये का हरले?

घरं. डब्लिनमध्ये भाडी आकाशाला भिडली होती, तिशीतली नोकरदार मुलं आईवडिलांकडे राहत होती, आणि बेघरांची सरकारी मोजणी दहा हजारांच्या वर गेली होती. ब्रेक्झिटच्या यशावर मतं मागितली, पण मतदार घराच्या चावीबद्दल विचारत होता. ८ फेब्रुवारी २०२० ला फिना गेल ३५ जागांवर आली, दोन्ही आयर्लंड एक व्हावेत म्हणणाऱ्या डाव्या शिन फेन पक्षाला ३७ मिळाल्या, फिअना फॉलला ३८. स्वतः वराडकर डब्लिन वेस्टमध्ये पाचव्या फेरीत निवडून आले. पहिला नंबर शिन फेनच्या उमेदवाराचा लागला.

नवं सरकार जमेपर्यंत कोरोना आला. काळजीवाहू पंतप्रधान म्हणून त्यांनी १२ मार्चला वॉशिंग्टनहून शाळा बंद केल्याची घोषणा केली. त्याच महिन्यात त्यांनी डॉक्टरांच्या नोंदवहीत आपलं नाव पुन्हा घातलं आणि आठवड्यातून अर्धा दिवस फोनवर रुग्णांची विचारपूस करण्याचं काम केलं. जूनमध्ये यादवी युद्धाचे दोन वारस प्रथमच एका सरकारात बसले, सोबत हरित पक्ष. आधी फिअना फॉलचे मीहॉल मार्टिन पंतप्रधान आणि वराडकर उपपंतप्रधान, मग अदलाबदल. ठरल्याप्रमाणे १७ डिसेंबर २०२२ ला वराडकर दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले. त्या वेळी शेजारी लंडनमध्ये ऋषी सुनक होते.

त्यांच्यावर टीका कशावरून झाली?

बऱ्याच गोष्टींवरून, आणि ती आपण वाचायला हवी. २००८ मध्ये मंदी सुरू होत असताना त्यांनी सुचवलं होतं की बेरोजगार परदेशी कामगार मायदेशी परतायला तयार असतील तर त्यांना काही महिन्यांचा भत्ता द्यावा. परदेशातून आलेल्या डॉक्टरच्या मुलाने हे म्हणावं, याचं मला वाईट वाटलं होतं. २०१७ मध्ये समाजकल्याणमंत्री असताना भत्ता लुबाडणाऱ्यांविरुद्ध जाहिरातबाजी केली, ती गरिबांना बोल लावणारी होती असं अनेकांचं मत झालं.

सर्वांत गंभीर प्रकरण एप्रिल २०१९ चं. फॅमिली डॉक्टरांच्या कराराचा गोपनीय मसुदा त्यांनी ओळखीच्या एका डॉक्टरला दिला. सरकारने ज्या डॉक्टर संघटनेशी तो करार ठरवला होता, तिच्या प्रतिस्पर्धी संघटनेचा तो पुढारी होता. ऑक्टोबर २०२० मध्ये हे बाहेर आलं, त्यांनी डॉलमध्ये माफी मागितली, पोलीस तपास झाला आणि जुलै २०२२ मध्ये खटला भरायचा नाही असं सरकारी वकिलांनी ठरवलं. गुन्हा ठरला नाही, पण चूक त्यांनी स्वतःच मान्य केली आहे.

युरोपात आणखी कुणी 'आपले' नेते होते का?

होते की! पोर्तुगालचे अंतोनियो कॉश्ता, वडिलांकडून गोव्याचे. २०१७ ते २०२० या काळात युरोपीय संघाच्या २८ नेत्यांच्या बैठकीत दोघांची मुळं कोकण किनाऱ्यावरची, एकाची मालवणात आणि दुसऱ्याची मडगावात. कॉश्ता डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत.

भारत आणि आयर्लंडचं जुनं नातं आहे का?

आहे, आणि ते वराडकरांहून फार जुनं आहे. आपल्या राज्यघटनेतली नीतिनिर्देशक तत्त्वं आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतली. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली, तो 'होमरूल' शब्दच आयरिश चळवळीचा. १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष आल्फ्रेड वेब हे आयरिश खासदार होते, मतदारसंघ वेस्ट वॉटरफर्ड, म्हणजे वराडकरांच्या आईच्याच परगण्यातला.

राजीनामा का दिला?

८ मार्च २०२४ ला घटनेतल्या कुटुंबाच्या व्याख्येवर आणि घरातल्या बाईच्या कर्तव्याबद्दलच्या जुन्या कलमावर दोन सार्वमतं झाली. दोन्ही सरकार हरलं. दुसऱ्यात तर ७३.९ टक्के लोकांनी नकार दिला, आयर्लंडच्या सार्वमतांतला तो सर्वांत मोठा नकार. शब्दरचना संदिग्ध होती, प्रचार विस्कळीत होता.

सेंट पॅट्रिक दिनाला ते व्हाइट हाउसमध्ये बायडन यांच्या शेजारी उभे राहून गाझाबद्दल बोलले. आयरिश लोकांना पॅलेस्टिनींच्या डोळ्यांत आपलाच इतिहास दिसतो, दुष्काळ, विस्थापन, हिसकावलेली ओळख, असा त्याचा आशय होता. तिसऱ्या दिवशी, २० मार्चला, डब्लिनमधल्या सरकारी कचेरीच्या पायऱ्यांवर ते आले. मागे पक्षाचे मंत्री उभे. कारणं वैयक्तिक आणि राजकीय आहेत, पण मुख्यतः राजकीय आहेत, आणि या कामाला आता आपण सर्वांत योग्य माणूस नाही असं वाटतं, असं त्यांनी सांगितलं. आवाज दाटून आला होता. वय ४५. कोणी खाली खेचलं नव्हतं, मुदतही उरली होती.

आता काय करतात?

९ एप्रिल २०२४ ला सायमन हॅरिस पंतप्रधान झाले. वराडकर काही महिने साधे खासदार राहिले आणि नोव्हेंबरची निवडणूक लढवली नाही. २०२५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या केनेडी स्कूलमध्ये शिकवायला गेले आणि त्याच वर्षी त्यांचं आत्मचरित्र आलं.

डब्लिन वेस्टमध्ये पक्षाची जागा एमर करी यांनी राखली. त्यांचे वडील ऑस्टिन करी उत्तर आयर्लंडमधल्या नागरी हक्क चळवळीचे नेते. तिकडून दक्षिणेत येऊन ते याच मतदारसंघातून डॉलवर निवडून गेले होते.